निकालपत्रात न दिसणारे काम : अराशिरोच्या कारकिर्दीवरून गटाने सायकल चालवायला शिकताना

दारव्हा परिसरातील मुलांना युकिया अराशिरो या जपानी सायकलपटूविषयी सांगायला घेतले, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, त्याने टूर द फ्रान्स किती वेळा जिंकली?" फ्रान्समधील ही सुमारे तीन आठवड्यांची, रोज एक टप्पा अशी चालणारी शर्यत त्याने एकदाही जिंकली नाही, आणि तिचा एखादा टप्पादेखील त्याच्या नावावर नाही, हे उत्तर ऐकून चेहरे उतरतात. तरीही गटाने सायकल चालवायला शिकणाऱ्याने विजेत्याऐवजी याच माणसाची कारकीर्द समोर ठेवावी, असे माझे मत आहे; कारण त्याने संघाच्या म्होरक्यासाठी राबणाऱ्या साहाय्यकाचे जे काम पंधराएक वर्षे केले, त्यातील बरेचसे साध्या गिअरच्या सायकलवर, चार सोबती जमवून, आपल्या रस्त्यांवरही शिकता येते.

प्रथम ही कारकीर्द वाचायची कशी, ते पाहू. अराशिरोचा जन्म १९८४ साली ओकिनावातील इशिगाकी बेटावर झाला. शाळेत तो हँडबॉल खेळत असे आणि शर्यतीच्या सायकलीकडे तसा उशिराच वळला. २००७, २०१३ आणि २०२२ अशा तीन वर्षी तो जपानचा राष्ट्रीय विजेता ठरला, २०१२ मध्ये फ्रान्समधील टूर द्यु लिमुझँ ही शर्यत त्याने जिंकली, आणि २०२४ च्या हंगामाअखेर, वयाच्या चाळिशीत, तो निवृत्त झाला. एवढीच यादी वाचून थांबणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. खरी नोंद वेगळी आहे : तो सात वेळा टूर द फ्रान्समध्ये उतरला आणि सातही वेळा शेवटपर्यंत पोहोचला. पैकी पहिल्या, २००९ च्या टूरमध्ये तो १२९ वा होता आणि त्याचा देशबांधव फुमियुकी बेप्पू ११२ वा. टूर पूर्ण करणारे हे पहिले दोन जपानी. म्हणून मुलांनी अशा खेळाडूची माहिती काढताना "कितवा आला" हा रकाना हाताने झाकून ठेवावा आणि तीन गोष्टी शोधाव्यात : तो वाऱ्यात किती वेळ होता, कोणासाठी होता, आणि वेळेत पोहोचला का.

वाऱ्यापासून सुरुवात करावी. पुढच्या सायकलच्या आडोशाने चालणाऱ्याचे सपाटीवर साधारण पाव ते एक-तृतीयांश श्रम वाचतात, आणि संघाचा साहाय्यक हाच आडोसा आपल्या म्होरक्याला तासन्‌तास पुरवत असतो. २०१२ च्या टूरमध्ये अराशिरोच्या संघाच्या तोमा व्होक्लेरने डोंगरी चढांच्या राजाची ठिपक्यांची जर्सी जिंकली, तेव्हा त्या जर्सीच्या व्यासपीठावर अशा साहाय्यकांची नावे पुकारली गेली नाहीत.

याचा सराव यवतमाळहून दारव्ह्याकडे येणाऱ्या रस्त्यावर जून-जुलैत उत्तम होतो. कारण रस्ता पश्चिमेकडे येतो आणि पावसाळी वारा नेमका तोंडावर असतो. चौघांनी एका ओळीत, रस्त्याच्या डाव्या कडेपासून हातभर आत चालावे आणि दोन सायकलींमध्ये सुरुवातीला पूर्ण सायकलभर अंतर ठेवावे. प्रत्येकाने एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत पुढे राहावे. दगड आला, की पुढच्याने मागे वळून वाहन नसल्याची खात्री करावी, हाताने खूण करावी, डाव्या कडेला सरकून वेग कमी करावा आणि बाकीच्या तिघांना आपली रेघ न सोडता उजवीकडून पुढे जाऊ द्यावे. पुढे आलेल्याने वेग वाढवू नये. ही चूक प्रत्येक नवा मुलगा करतो. पुढे येताच त्याच्या अंगात वारे शिरते आणि मागची ओळ तुटते.

दारव्हा–दिग्रस रस्ता उत्तर-दक्षिण असल्यामुळे तेथे हाच वारा कुशीवर येतो आणि धडा बदलतो. दिग्रसकडे जाताना वारा उजवीकडून असतो, म्हणून पुढच्याचा आडोसा सरळ मागे पडत नाही, मागे डावीकडे पडतो. अशा वेळी पुढच्याने नेहमीपेक्षा आणखी थोडे आत चालावे, म्हणजे मागच्याला डावीकडे डांबर मिळेल. नाहीतर त्याचे चाक साइडपट्टीच्या ओल्या काळ्या मातीत जाते आणि ती माती ब्रेकच्या फटीत अशी बसते, की काडीने उकरत अर्धा तास मोडतो. मागच्याने आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी येऊ देऊ नये, कारण चाकाला चाक लागले तर पडतो तो मागचाच. परतताना आडोसा उजवीकडे, म्हणजे वाहनांच्या बाजूला पडतो. तेव्हा त्याचा मोह सोडून सर्वांनी निमूटपणे एका ओळीत यावे. युरोपात शर्यतीसाठी रस्ता बंद करतात. आपल्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली असते आणि तिच्या मागे बहुधा दिवा नसतो.

दुसरे काम पाण्याचे. साहाय्यक संघाच्या मोटारीपर्यंत मागे जातो, जर्सीच्या खिशांत आणि पाठीवर बाटल्या कोंबतो आणि पुन्हा सायकलपटूंच्या मुख्य घोळक्यातून पुढे येऊन त्या वाटतो. मुलांच्या टी-शर्टला गावातल्या शिंप्याकडून पाठीमागे तीन खिसे शिवून घ्यावेत. विकतच्या जर्सीवाचून काही अडत नाही. बाटली देण्याचा सराव मात्र शाळेच्या मैदानावर, चालण्याच्या वेगाने करावा. देणाऱ्याने बाटली बुडाशी धरून तोंडाकडची बाजू मोकळी ठेवावी, घेणाऱ्याच्या बरोबरीला यावे, आणि त्याची पकड बसल्याचे हाताला जाणवल्यावरच सोडावी. त्या क्षणी दोघांनीही बाटलीकडे न पाहता समोर पाहावे. पहिल्या दिवशी दहापैकी सात बाटल्या मातीत जातात, आणि त्या मैदानावरच जाव्यात.

पाण्याचा हिशेब मी स्वतः एकदा चुकवला आहे. एप्रिलच्या एका रविवारी आम्ही उशिरा निघालो, माणशी एकच बाटली होती, आणि साडेनऊच्या सुमारास एक मुलगा सायकलवरच डुलू लागला. त्याला कडुलिंबाखाली निजवून जवळच्या वावरातील विहिरीचे पाणी त्याच्या अंगावर ओतावे लागले. तेव्हापासून मार्चनंतर पहाटे साडेपाचला निघणे आणि आठच्या आत घरी येणे हा आमचा नियम आहे, आणि मे महिन्यात दुपारी सायकलला हात लावायचा नाही. माणशी दोन बाटल्या असाव्यात : एक साध्या पाण्याची, आणि दुसरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ या प्रमाणात बनवलेल्या पाण्याची. चमचा चहाचाच घ्यावा. खाण्यासाठी युरोपातील संघ भाताच्या वड्या बांधून देतात. आपल्याकडे गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि केळी तितकेच काम करतात. मात्र भूक लागण्यापूर्वी, दर अर्ध्या तासाने, थोडे खावे.

घोळक्याला मागे टाकून पुढे पळ काढण्याचा विचार या सर्वांनंतर करावा. ४ जुलै २०१२ रोजी आबव्हिल ते रुआँ या २१४ किलोमीटरच्या टप्प्यात अराशिरो दोन फ्रेंच सायकलपटूंसह पुढे निघाला. शेवटच्या काही किलोमीटरांत घोळक्याने तिघांनाही गाठले, आणि त्या दिवसाचा सर्वांत झुंजार खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. हा प्रसंग सांगितला, की मुलांना दुसऱ्याच दिवशी पळायचे असते. त्यांना मी एवढेच विचारतो, की तिघांनी आळीपाळीने वारा खाल्ला नसता, तर ते तिघे किती दूर गेले असते? फेब्रुवारी २०१६ मध्ये कतारच्या शर्यतीत त्याचे मांडीचे हाड मोडले आणि त्याच वर्षी जुलैत तो टूरमध्ये होता, हेही मी सांगतो, पण जपून. कारण हाड मोडलेल्या मुलाने डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत घरीच बसायचे असते.

शेवटी वेळेची मर्यादा. टूरमध्ये टप्प्याच्या विजेत्याच्या वेळेवर ठरावीक टक्के वाढवून मर्यादा काढतात. सपाट टप्प्यात कमी, डोंगरी टप्प्यात जास्त. १९९६ मध्ये दायसुके इमानाका हा जपानी सायकलपटू याच मर्यादेबाहेर गेल्याने टूरमधून बाद झाला. आपल्याकडे हा धडा परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणाऱ्या सुमारे ३० किलोमीटरच्या रस्त्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यावा. सर्वांत जलद मुलाला दोन तास लागले, तर दहा टक्क्यांप्रमाणे बाकीच्यांना दोन तास बारा मिनिटे मिळतील. ज्यांना चढ झेपत नाही, त्यांनी एकेकटे न मागे पडता आपला वेगळा गट करावा, सर्वांत कमजोर मुलाच्या वेगाने चढावे, आणि घाट संपून सपाटी लागली की एकमेकांच्या आडोशाने हरवलेला वेळ भरून काढावा. उतरताना मात्र गट मोडावा : प्रत्येकात पन्नास पावलांचे अंतर, दोन्ही ब्रेकांवर बोटे, आणि वळणावर माकडे बसलेली असणार हे धरून चालावे.