अमेरिकन रॉकेटखाली रशियन इंजिन आहे का, कसं ओळखायचं?

आधी रॉकेटचं नाव बघा. ॲटलस ५ असेल तर डोळे झाकून सांगा, खाली रशियन आरडी-१८० आहे, मॉस्कोजवळच्या खिमकीत एनर्गोमाश या कंपनीने बनवलेलं इंजिन. फाल्कन असेल तर विषयच संपला, त्याची मर्लिन इंजिनं घरचीच.

नाव कळलं नाही, कुणीतरी फॉरवर्ड केलेली अर्धवट क्लिप आहे, तर बुडाकडे बघा. दोन नॉझल (ज्वाळा बाहेर पडते ती तोंडं) दिसली म्हणून दोन इंजिनं समजू नका हां, आरडी-१८० हे एकच इंजिन आहे, टर्बोपंप (इंधन जोरात ढकलणारा पंप) एक आणि चेंबर (इंधन जळतं ती जागा) दोन, सोव्हिएत काळातल्या चार चेंबरवाल्या आरडी-१७० चं अर्धं केलेलं. बरेच जण इथेच फसतात, कारण व्हल्कन या दुसऱ्या अमेरिकन रॉकेटलाही नॉझल दोनच, पण ती खरंच दोन वेगळी बीई-४ इंजिनं, अमेरिकन, आणि मिथेनवर चालतात म्हणून ज्वाळा निळसर. ॲटलस जाळतं रॉकेल (आपल्या स्टोव्हपेक्षा बरंच शुद्ध), ज्वाळा पिवळीधमक. बाजूला बूस्टर (जोडीला लावलेली छोटी रॉकेटं) असतील तर त्यांच्या धुरात ज्वाळेचा रंग कळत नाही, मग खालचा टप्पा तांबूस आहे का ते बघायचं, असला तर ॲटलस.

अँटारेस हे अमेरिकन रॉकेट म्हणजे डोक्याला ताप, तिथे वर्ष बघावं लागतं. २०१३-१४ मधल्या उड्डाणांत सोव्हिएत चंद्र-रॉकेटसाठी बनवून वर्षानुवर्षं गोदामात पडलेली एनके-३३ इंजिनं दुरुस्त करून लावलेली, त्यातलं एक २८ ऑक्टोबर २०१४ ला टर्बोपंपाशी फुटलं आणि रॉकेट अमेरिकेतल्या वॉलॉप्स तळावरून उडाल्या उडाल्या खाली आलं. २०१६ ते २०२३ मध्ये दोन आरडी-१८१, म्हणजे परत रशियनच.

अमेरिकेला रशियन इंजिनांची एवढी हौस कशाला? तर ऑक्सिजन जास्त असलेल्या गरम वायूवर पंपाचं टर्बाइन फिरवायचं, जो धातूच खाऊन टाकतो, हे सोव्हिएत लोकांनी जमवलं होतं आणि अमेरिकेने तो नाद सोडला होता.

सराव करायचाय? ५ जून २०२४ चा स्टारलायनर यानाचा व्हिडिओ काढा, ॲटलस ५ वरून सुनीता विल्यम्स गेल्या तो. रशियाने २०२२ ला इंजिनांची विक्री थांबवली होती, पण आरडी-१८० ची शेवटची खेप २०२१ लाच पोचलेली. दोन्ही बूस्टर सुटेपर्यंत थांबा, त्यानंतर खाली जे पेटलेलं दिसतं ते फक्त आरडी-१८०.