लांबची वायरलेस लिंक सारखी तुटतेय? छपरावर चढण्याआधी हे करा

नदीपलीकडच्या घरी किंवा कुळागरातल्या (माड-पोफळीच्या बागेतल्या) खोलीवर केबल ओढणं परवडत नाही, म्हणून दोन टोकांना दोन डिश लावून नेट नेणारे आता गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत भेटतात. लिंक मे महिन्यात लागते, झकास चालते. मग मिरग येतो आणि व्हिडिओ अडकायला लागतो. पहिली प्रतिक्रिया ठरलेली: पान्हा घ्यायचा, वर चढायचं, डिश हलवायची. तेच करू नका. बरोबर रोखलेली डिश एकदा हलली की मूळ बिघाड आणि आपण केलेला बिघाड वेगळे ओळखता येत नाहीत.

१. चार दिवस फक्त वेळा लिहा

एक वही घ्या. लिंक कधी तुटली, किती वेळ तुटली, तेव्हा पाऊस होता का, वारा होता का, लाइट गेली होती का, एवढंच लिहा. बहुतेक बिघाड वेळेवरून ओळखू येतात. पाऊस पडत असतानाच तुटत असेल तर वाटेतली ओली झाडं तपासा. पाऊस थांबल्यावरही दिवसभर रडत असेल तर जोडात पाणी शिरलेलं असण्याची शक्यता मोठी. वाऱ्यात तुटत असेल तर झावळी किंवा सैल खांब. रोज संध्याकाळी सात ते अकरा मंदावत असेल तर आजूबाजूच्या होमस्टेंचे वायफाय. या लिंक ज्यावर चालतात त्या ५ गिगाहर्ट्‌झवर पावसाचे थेंब स्वतः सिग्नल फारसा खात नाहीत. धो धो पावसातही किलोमीटरमागे साधारण एक डेसिबल (सिग्नलच्या घट-वाढीचं माप). त्यामुळे 'पावसाने लिंक गेली' एवढ्यावर समाधान मानू नका.

२. दोन घड्याळं पाहा

रेडिओच्या (डिशला जोडलेल्या यंत्राच्या) सेटिंगच्या पानावर दोन आकडे असतात: रेडिओ किती वेळ चालू आहे आणि लिंक किती वेळ जोडलेली आहे. रेडिओचाच वेळ पुन्हा शून्यापासून सुरू झालेला दिसला तर वीज किंवा केबल. रेडिओ दहा दिवस चालू, पण लिंक वीस मिनिटांची, तर दोष हवेतल्या वाटेत. दोन्ही आकडे मोठे आणि तरी नेट नाही, तर लिंक निर्दोष आहे, नेट जिथून घेतलंय तिथे बघा. खात्रीसाठी आधी जवळच्या रेडिओला पिंग करा (छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का पाहा), मग पलीकडच्या, मग राउटरला. पहिल्यांदा जिथे पिंग गळतं, तिथे काम.

३. वीज आणि केबल

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त लिंक इथेच बऱ्या होतात. स्वस्तातली लॅन केबल पुष्कळदा शुद्ध तांब्याची नसते. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. तिचा रोध जास्त, म्हणून चाळीस-पन्नास मीटरवर पीओईची (लॅन केबलमधूनच रेडिओला जाणारी) वीज वर पोचेपर्यंत कमी पडते आणि भार वाढला की रेडिओ बंद होऊन पुन्हा चालू होतो. शिवाय किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत ती लवकर सडते. तार सोलून चाकूने खरवडा. आत रुपेरी दिसली तर ती काढून टाका. बाहेरच्या कामाची, काळ्या आवरणाची, पूर्ण तांब्याची केबल घाला. लांबी १०० मीटरच्या आत ठेवा.

लॅन पोर्टचा वेगही बघा. १०० किंवा १००० ऐवजी १० दाखवत असेल तर जॅकमधली एखादी तार गंजली आहे. नवा जॅक मारा. केबल रेडिओत शिरण्याआधी तिला खाली एक वाकण द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळेल. बाहेरच्या जोडांवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. साधी इलेक्ट्रिकची टेप एका पावसाळ्यात सुटते. अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर टाळू नका. मे आणि ऑक्टोबरचा गडगडाट रेडिओ जाळून जातो. आकाश गरजत असताना कोणीही वर चढायचं नाही.

४. सिग्नल किती हवा ते आधी काढा

'सिग्नल मायनस ७० आहे, चांगलं का?' याला उत्तर नाही. (हा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या जोराच्या मापात असतो; शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार.) किती यायला हवा होता हे माहीत असेल तरच त्या आकड्याला अर्थ. साडेतीन किलोमीटरवर ५.८ गिगाहर्ट्‌झला मोकळ्या हवेत सुमारे ११९ डेसिबल जातात. रेडिओची शक्ती १३ डीबीएम, दोन्ही डिशचा गेन (सिग्नल एका दिशेला एकवटण्याची ताकद) २३-२३, एकूण ५९. त्यातून ११९ वजा, म्हणजे उणे ६० डीबीएम. तीन-चारचा फरक सोडून द्या. उणे ७२ दिसत असेल तर वाटेत काहीतरी आहे किंवा डिश चुकली आहे. शक्ती वाढवून हे झाकू नका. रेडिओत देश 'भारत'च निवडा.

समोरचं घर दिसतंय म्हणजे वाट मोकळी, असं नाही. लहरीला फुगीर, उसासारखी नव्हे तर कलिंगडासारखी जागा लागते. याच अंतरावर मध्यभागी तिची त्रिज्या पावणेसात मीटर भरते. निदान तिचे साठ टक्के, म्हणजे चार मीटर, सगळीकडून मोकळे हवेत. मे महिन्यात झावळीच्या वरून गेलेली वाट दोन वर्षांत माड वाढला की झावळीतून जाते. पाडेल्याला (माडावर चढणाऱ्याला) बोलावून चार झावळ्या काढून घेता येतात, पण माड दुसऱ्याचा असतो. त्यापेक्षा खांब उंच करा.

दोन चेनच्या (रेडिओ एकाच वेळी वापरतो त्या दोन वाटांच्या) सिग्नलमध्ये पाच डेसिबलहून जास्त फरक असेल तर एका जोडात पाणी आहे किंवा एक डिश वेडीवाकडी फिरली आहे.

५. नदी ओलांडत असाल तर

शापोरा नदीवरून नेलेल्या एका लिंकने मला दहा दिवस छळलं. चॅनेल बदलले, केबल बदलली, एक रेडिओसुद्धा बदलला. दिवसातून दोनदा सिग्नल कोसळायचा आणि आपोआप वर यायचा. शेवटी वही शेजारच्या काकांना दाखवली. त्यांची हयात खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीची, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारी, दारं सांभाळण्यात गेलेली. त्यांनी वेळा वाचल्या आणि म्हणाले, "अरे, ही तर सुकतीची वेळ. रोज पाऊण-एक तास पुढे सरकतेय, दिसत नाही तुला?"

सुकती म्हणजे ओहोटी. कारण असं. सरळ आलेली लहर आणि पाण्यावरून उसळलेली लहर पलीकडे एकत्र येतात. कधी एकमेकींना जोर देतात, कधी मारतात. डिश भरतीच्या पाण्यापासून अंदाजे १० आणि ८ मीटर उंच धरा. पाणी दोन मीटर उतरलं की दोन्ही वाटांमधला फरक सुमारे २.३ सेंटिमीटरने बदलतो, आणि ५.८ गिगाहर्ट्‌झची अख्खी लहर ५.२ सेंटिमीटरची. जवळजवळ अर्धी लहर सरकली, म्हणजे सिग्नल जोरातून थेट खड्ड्यात. उपाय: एका टोकाची डिश मीटर-दीड मीटर खाली-वर करून भरती आणि सुकती दोन्ही वेळा मोजा, किंवा ती काठापासून इतकी मागे घ्या, की घराचं छप्पर वा खारफुटी उसळलेली लहर अडवेल. मी डिश कौलांच्या कडेआड दीड मीटर खाली आणली.

६. चॅनेल आणि अंतर

स्कॅन (कोणते चॅनेल रिकामे आहेत ते पाहणं) संध्याकाळी करा, दुपारी नव्हे. चॅनेलची रुंदी ८० वरून २० मेगाहर्ट्‌झवर आणली की नॉइज (नको असलेला गोंगाट) सहा डेसिबलने कमी होतो. वेग कागदावर घटतो, पण लिंक टिकते. लॉगमध्ये (रेडिओच्या नोंदींत) 'रडार' दिसत असेल तर ५२५०-५३५० आणि ५४७०-५७२५ हे पट्टे सोडून ५७२५-५८७५ मध्ये या. रडारची चाहूल लागताच रेडिओला तो चॅनेल सोडावाच लागतो. अंतराची सेटिंग खऱ्या अंतरापेक्षा थोडी जास्त ठेवा. कमी ठेवली तर पोच यायच्या आत रेडिओ तेच पाकीट (माहितीचा तुकडा) पुन्हा पाठवतो.

७. आता डिश

एवढं करूनही सिग्नल कमी असेल तरच पान्हा. जुनी जागा खांबावर मार्करने खुणा करून ठेवा. एका वेळी एकच टोक, आधी आडवं, मग उभं. थोडं हलवा, दहा सेकंद थांबा, आकडा वाचा. एक शिखर सापडलं की थांबू नका, त्याच्या पलीकडेही जा. डिशला बाजूची छोटी शिखरंही असतात आणि पुष्कळ लिंक त्यातल्याच एखाद्यावर आयुष्यभर रखडतात. तीन सापडली तर मधलं, सगळ्यात उंच, ते खरं. नट आवळताना आकडा पाहत राहा, कारण आवळतानाच डिश सरकते. आणि वही चालू ठेवा, पुढच्या अमावास्येच्या मोठ्या भरतीपर्यंत तरी.