तुंबलेला पाइप मोकळा करताना या चुका टाळा

सिंकमध्ये पाणी साचलं की बहुतेकांचा हात आधी ॲसिडच्या बाटलीकडे जातो. तो आवरा. पाणी नेमकं कुठे अडलंय हे कळल्याशिवाय काही ओतायचं नाही आणि काही खुपसायचंही नाही.

एकाच सिंकचं पाणी जात नसेल तर अडथळा बहुधा त्याच्याच ट्रॅपमध्ये (सिंकखालच्या वळणदार पाइपात) किंवा लगेच पुढच्या पाइपात असतो. पण फ्लश केल्यावर नहाणीतून पाणी वर येत असेल तर मुख्य लाइन तुंबली आहे. मग बाहेरच्या चेंबरचं, म्हणजे घराचं सांडपाणी जिथे येतं त्या जमिनीतल्या हौदाचं, झाकण उघडा. चेंबर रिकामं असेल तर अडथळा घर आणि चेंबर यांच्यामध्ये, भरलेलं असेल तर त्याच्या पुढे. झाकण काढल्यावर वाकून तोंड आत घालू नका आणि आत तर कधीच उतरू नका. तिथल्या वायूने माणसं मरतात.

एका घरी तळमजल्याची नहाणी तुंबली म्हणून मला बोलावलं होतं. दारातच डोळे चुरचुरायला लागले. काय टाकलंय विचारलं तर म्हणे, काही नाही. खोदून विचारल्यावर कळलं की आधी ब्लीच ओतलं, त्याने काही होईना म्हणून वरून टॉयलेटचं ॲसिड. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. सगळ्यांना बाहेर काढलं, खिडक्या सताड उघडल्या आणि वास जाईपर्यंत कामाला हात लावला नाही. एवढं करून अडथळा नहाणीत नव्हताच. बाहेरचं चेंबर काठोकाठ भरलेलं, आणि त्याच्या पुढच्या पाइपाच्या तोंडाशी ओल्या वाइप्सचा पिळून बसलेला बोळा. ओतलेलं काहीच तिथवर पोचलं नव्हतं. वरच्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन पाणी सोडायचं तेव्हाच नहाणी भरायची, हे घरातल्या मुलीने पाहिलं होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून सांगतो, दोन रसायनं कधीच एकत्र करू नका. आणि एखादं टाकलंच असेल तर प्लंबर आल्याबरोबर त्याला सांगा. ट्रॅप उघडताना ते त्याच्या तोंडावर उडतं. कॉस्टिक सोडा तर मी वापरतच नाही. तो पाण्यात पडला की तापतो, आणि पाणी कमी पडलं तर तळाशी दगडासारखा बसतो.

प्लंजर (दांड्याला रबरी वाटी असलेला पंप) चालत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी बेसिनचं काठाजवळचं ओव्हरफ्लोचं भोक बंद केलेलं नसतं. हवा तिथून निघून जाते, मग जोर कसा लागणार? भोकात ओलं फडकं घट्ट दाबा, रबर बुडेल इतकं पाणी ठेवा, आणि दाबण्याइतकंच ओढण्याकडेही लक्ष द्या. दोन-चार हिसके देऊन सोडून देऊ नका. मी मिनिटभर सलग करतो, थांबून पाणी उतरतंय का बघतो आणि पुन्हा करतो.

पीव्हीसीच्या पाइपात उकळतं पाणी ओतू नका, पाइप मऊ पडतो. तारेने खुपसलेला गुंता बहुतेक वेळा पुढेच ढकलला जातो. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, वाइप्स फ्लश करू नका. ट्रॅप काढल्यावर तो त्याच सिंकमध्ये धुऊ नका, सगळं पाणी खाली पडेल.

ट्रॅप परत बसवताना वॉशर सरळ आहे ना ते पाहा. मग सिंक पूर्ण भरून एकदम सोडा आणि प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवा. बारीक गळती बोटाला कळत नाही, कागदावर लगेच दिसते.