इंग्लंडात नवीन आलात? नाश्त्याला गव्हाचा पिवळा खोका घ्या

सुपरमार्केटात सीरिअलच्या, म्हणजे दुधात घालून खायच्या तयार धान्याच्या नाश्त्याच्या, रांगेसमोर पहिल्यांदा उभं राहिलं की कोणीही गांगरतो. नुसते खोकेच खोके, त्यात निम्म्यांवर कार्टून! सकाळी ट्रेन गाठायची घाई, रोज पोहे-उपमा जमत नाही, मग हाताला लागेल ते उचललं जातं आणि त्यात बऱ्याचदा साखरच जास्त निघते.

तुम्ही सरळ साध्या व्हीटॅबिक्सचा, म्हणजे दुधात घालायच्या गव्हाच्या वड्यांचा, पिवळा खोका घ्या. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या बर्टन लॅटिमर गावात १९३२ पासून ते बनतंय. ९५ टक्के अख्खा गहू, कोंड्यासकट. उरलेल्यात बार्लीच्या माल्टचा अर्क, थोडी साखर, मीठ आणि वरून घातलेलं लोह नि ब गटातली काही जीवनसत्त्वं. दोन वड्या, म्हणजे साडेसदतीस ग्रॅम, यात साधारण १३६ कॅलरी, साडेचार ग्रॅम प्रथिनं, ३.८ ग्रॅम तंतू (फायबर) आणि साखर दोन ग्रॅमच्याही आत. तेवढीही साखर नको असेल तर श्रेडेड व्हीट आहे, त्यात निव्वळ गहू. पण खाताना सुतळी चावल्यासारखं वाटतं, हे माझं प्रामाणिक मत.

दुकानांच्या स्वतःच्या ब्रँडच्या वड्या बऱ्याच स्वस्त पडतात. फक्त खोका फिरवून १०० ग्रॅमचा रकाना वाचा. साखर ५ ग्रॅमपर्यंत असेल तर कमी, साडेबावीसच्या वर गेली की जास्त. तंतू ६ ग्रॅमच्या वर हवेत. पुढच्या बाजूला छापलेल्या आकड्यांवर जाऊ नका. ते एका छोट्या वाढणीचे असतात, आणि आपण तर वाडगा भरून घेतो.

इथे मोठ्या माणसाला दिवसाला ३० ग्रॅम तंतू खायला सांगतात. म्हणजे दोन वड्यांत जेमतेम आठवा हिस्सा झाला. पोळी, उसळ, भाजी सोडायची नाही.

आपली खरी अडचण चहाची. नाश्त्यासोबत कडक चहा घेतला की गव्हातलं लोह अंगी लागायला अडथळा येतो. बायकांनी तर हे जरूर लक्षात ठेवावं. चहा तासाभराने घ्या, वाडग्यात स्ट्रॉबेरी किंवा बाजूला संत्रं ठेवा. क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं.

दूध घेताना लेबलाचा रंग बघा: निळं म्हणजे सायीचं, हिरवं म्हणजे अर्धी साय काढलेलं, लाल म्हणजे साय पूर्ण काढलेलं. थंड दुधात वडी लगेच विरघळते, म्हणून ओतलं की खायला बसा. गरम दूध, गूळ आणि वेलची घातली की लापशीच्या जवळ जातं, आजी-आजोबा आले की त्यांना हेच द्या. गोड नको त्यांनी वडी दह्यात कुस्करून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी द्यावी. उरलेला चुरा कटलेट घोळवायला उत्तम.

मधुमेह असेल तर साखर कमी म्हणून चार-चार वड्या खाऊ नका, पिठूळ पदार्थच आहे तो. ग्लूटेन चालत नसेल त्यांना गहू-बार्ली दोन्ही वर्ज्य.

आणि वाडगा खाल्ल्या खाल्ल्या पाण्यात बुडवा. वाळला की खरवडूनही निघत नाही, आणि चौघांच्या भाड्याच्या घरात सिंकवरून पहिलं भांडण त्यावरूनच होतं.