डोंग्यात सायकल नेताना

वैनगंगेच्या काठाने सायकल हाणायची आणि मधला टप्पा डोंग्याने, म्हणजे छोट्या होडीने, करायचा, हा बेत झकास. पण डोंगा हलला की स्टँडवरची सायकल घरंगळते आणि कुणाच्या तरी पायावर येते. त्यावर उपाय जुन्या ट्यूबचा.

१. पंक्चरवाल्याकडून फाटकी ट्यूब मागून घ्या आणि बोटभर रुंद पट्ट्या कापा.

२. चढण्याआधी पिशव्या काढा. सायकलीचं भाडंही तेव्हाच विचारून घ्या: "भाऊ, हिचे वेगळे किती?"

३. पुढचा ब्रेक पूर्ण दाबा आणि लिव्हर मुठीला पट्टीने करकचून बांधा. चाक जाम होतं. मागच्या ब्रेकलाही तसंच केलं तर सायकल जागची हलत नाही. सुतळी ओली झाली की गाठ सुटता सुटत नाही. रबर एका ओढीत निघतं.

४. आडवी ठेवायची असेल तर चेन वरच्या अंगाला. तळाशी वाळूमिश्रित पाणी असतंच, ते चेनमध्ये गेलं की पुढे नुसती करकर.

पाच नद्यांच्या संगमावर, आंभोऱ्याला, आता मोठा पूल आहे. जाताना पुलावरून सायकलने, येताना नाव मिळाली तर पाण्यातून, असं मला तरी आवडतं. इकडे मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहफुलांचा सडा असतो. पाणीही सकाळीच शांत, दुपारी वारा सुटतो.

पावसाळ्यात हे करू नका. गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की धरणाच्या खालच्या अंगाला पाणी भराभर चढतं. लाइफ जॅकेट नसेल, तर सरळ पुलाने जा.