लिनोवर प्राणी कोरताय? रेषा कमी करण्याआधी या चुका टाळा

लिनोकट म्हणजे लिनोलियमचा तुकडा (लिनो) कोरून, त्यावर शाई लावून घेतलेला छाप. मोजक्या रेषांत काढलेल्या माझ्या पहिल्या लिनोकटमध्ये शेळी होती. प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, दोरीवर वाळत घातलं, तर शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "स्टूल छान आलंय गं." चार उभे पाय, वर आडवी पाठ. तिचं काही चुकलं नव्हतं.

चुकलं होतं माझंच. थोडक्यात काढायचं म्हणून मी सुरुवातच थोडक्यात केली. पिकासोने १९४५ च्या डिसेंबरपासून १९४६ च्या जानेवारीपर्यंत पॅरिसमधल्या मुर्लोंच्या छापखान्यात लिथोग्राफीचा (दगडावर चित्र काढून छापायची पद्धत) बैल केला, त्याच्या अकरा अवस्था आहेत. पहिल्यांदा भरलेला, खराखुरा बैल येतो, मग तो आणखी जड होतो, मग त्याच्या अंगाचे भाग पडतात. पाच-सात रेषांचा बैल येतो तो शेवटी. आपण थेट अकराव्यावर उडी मारतो. आधी दहा-पंधरा स्केचेस करा, खऱ्या जनावरासमोर बसून.

दुसरी चूक म्हणजे नको ते ठेवणं. मी पापण्या ठेवल्या आणि मागच्या पायाचा बाक घालवला. तो मागे वळलेला सांधा म्हणजे शेळीची टाच. तो सरळ झाला की स्टूलच! शेळीची शेपटीही बहुधा वर असते, मेंढीची खाली लोंबते. एवढं राखलं तर डोळा नसला तरी चालतो. उस्मानाबादी शेळ्या बहुतेक काळ्याच, त्यामुळे सपाट काळ्या छापाला त्या फारच सोयीच्या. काळ्या कागदातून आकार कापून भिंतीवर चिकटवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून बघा. ओळखू आला नाही, तर लिनोला हात लावू नका.

आता छापतानाच्या कटकटी. पाय तुटतात, कारण गाऊज (कोरायचं हत्यार) आत कलतो आणि रेष खालून पोकळ होते. उतार रेषेपासून बाहेरच्या बाजूला ठेवा. थंडीत लिनो कडक झाला असेल तर आधी थोडा वेळ उन्हात ठेवा.

कोऱ्या जागेत ओरखडे उमटतात. भरगच्च चित्रात खपतात, इथे माश्या बसल्यासारखे दिसतात. ती जागा अजून खोल कोरा, किंवा शाई लावताना कागदाने झाका.

काळं अंग मीठ भुरभुरल्यासारखं आलं तर शाई किंवा दाब कमी पडलाय. पण म्हणून एकदम शाई थापू नका, बारीक कोरीव काम बुजतं. पातळ थर दोन-तीनदा द्या आणि चमच्याच्या पाठीने सगळीकडून घोटा.

छाप उलटा येतो, हे माहीत असूनही सगळे विसरतात. ट्रेसिंग पेपर उलटा करूनच चित्र उतरवा. शेळीचं तोंड कुठेही असलं तरी चालून जातं, लिनोत कोरलेली सही नाही. ती पेन्सिलने छापाखाली उजवीकडे करा. डावीकडे आवृत्तीचा आकडा लिहा, ३/१२ असा, म्हणजे बारा छापांपैकी तिसरा.