वसंतातल्या फुलांनी टेबल सजवताना या चुका टाळा

पुष्परचना दुसऱ्याच दिवशी मलूल झाली की आपण फुलांच्या प्रतीला किंवा फुलदाणीला दोष देतो. पण खरा बिघाड बहुतेक वेळा मांडणी सुरू करण्यापूर्वीच झालेला असतो. झाडापासून तोडलेले फूल जिवंत असते, त्याचे श्वसन चालू असते आणि मूळ गमावल्यामुळे तहान भागवण्यासाठी त्याच्याकडे देठाचे कापलेले तोंड एवढाच मार्ग उरलेला असतो. हे एकदा लक्षात घेतले की पुढच्या बहुतेक चुका आपोआप उमगतात.

पहिली चूक कापण्याची. बोथट कात्रीने देठ कापला की तो कापला न जाता चिरडला जातो आणि पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या तिथेच दबतात. त्याऐवजी धारदार चाकूने टोकाचा दोन-तीन सेंटिमीटर भाग तिरका छाटावा, म्हणजे देठ भांड्याच्या तळाला सपाट टेकून बंद होत नाही. छाटल्यावर तो लगेच पाण्यात जायला हवा, कारण कोरड्या हवेत राहिलेल्या देठात हवा शिरते आणि तिचा बुडबुडा पाण्याची वाट अडवतो. भरपूर पाण्यात ठेवूनही गुलाबाने मान टाकली असेल, तर कारण बहुधा हेच असते. अशा वेळी देठ पुन्हा छाटून संपूर्ण फूल तासभर कोमट पाण्यात आडवे बुडवून ठेवावे; मान पुष्कळदा सावरते.

पाण्याखाली येणारी पाने काढून न टाकणे ही दुसरी नेहमीची चूक. ती कुजतात, जिवाणू वाढतात आणि देठांची तोंडे बुजतात. नुसती साखर घातल्यानेही हेच होते, कारण ती फुलांइतकीच जिवाणूंनाही पोसते. फुलांसोबत मिळणाऱ्या पुडीत साखरेबरोबर आम्ल आणि जंतुनाशकही असते, म्हणून ती सांगितलेल्या प्रमाणात वापरावी. पुडी नसेल तर घासून स्वच्छ केलेली फुलदाणी आणि दर दोन दिवसांनी बदललेले पाणी पुरेसे आहे. पाण्यात तांब्याचे नाणे टाकण्याच्या घरगुती उपायावर विसंबून पाणी बदलायचे टाळू नये.

वसंतातल्या फुलांची खास म्हणावी अशी चूक म्हणजे नुकतेच कापलेले डॅफोडिल थेट ट्युलिपच्या शेजारी ठेवणे. पिवळ्या आणि लाल फुलांची ही जोडी इतकी सुरेख दिसते की मोह आवरत नाही. परंतु डॅफोडिलच्या ताज्या कापातून पारदर्शक, बुळबुळीत चीक पाझरतो. बोटांवर घेतला तर त्याची तार सुटते. हा चीक पाण्यात मिसळला की ट्युलिपसारख्या सोबतच्या फुलांचे आयुष्य झपाट्याने घटते. त्यासाठी डॅफोडिल कापून वेगळ्या भांड्यात रात्रभर ठेवावेत, सकाळी ते पाणी फेकून द्यावे, देठ धुवावेत आणि मगच ते इतरांत मिसळावेत. त्यानंतर मात्र देठ पुन्हा कापू नयेत, कारण नव्या कापातून चीक नव्याने वाहू लागतो आणि रात्रभराची मेहनत वाया जाते. या चिकाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत. ही फुले आणि त्यांचे पाणी विषारी असल्याने मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून दूर ठेवावे.

ट्युलिपची गोष्ट आणखी निराळी. एकदा मी संध्याकाळी बारा ट्युलिप अगदी एका उंचीत, सरळ रांगेत लावले होते, आणि सकाळी पाहते तो सगळे देठ खिडकीकडे झुकलेले आणि दोन-तीन फुले इतरांच्या वर डोकावत होती. बिघडले काहीच नव्हते. ट्युलिप कापल्यानंतरही काही सेंटिमीटर वाढतो आणि उजेडाकडे वळतो. तेव्हा त्याला काटेकोर, घट्ट रचनेत बसवण्याचा हट्टच चुकीचा आहे. त्याच्याभोवती मोकळी जागा सोडावी आणि भांडे रोज थोडे फिरवावे. देठ फारच वाकले असतील तर जुडी कागदात घट्ट गुंडाळून काही तास पाण्यात उभी ठेवावी. ट्युलिप, हायसिंथ, रॅननक्युलस यांच्या मऊ देठांना पाचेक सेंटिमीटर पाणी पुरते. गळ्यापर्यंत बुडवले तर ते लिबलिबीत होतात. उथळ पाणी लवकर संपते, म्हणून ते रोज पाहावे लागते. लायलॅकसारख्या लाकडी फांद्यांना याउलट खोल पाणी लागते. त्यांची टोके हातोडीने ठेचण्याची जुनी पद्धत सोडून टोकाला उभी चीर द्यावी.

आधारासाठी हिरवा फोम वापरणारे तो भिजवताना दाबून बुडवतात. त्याने आतला भाग कोरडा राहतो आणि तिथे टोचलेले फूल तहानेने मरते. फोम पाण्यावर अलगद ठेवून आपोआप बुडू द्यावा. माझे स्पष्ट मत मात्र असे की घरी फोम वापरूच नये. तो प्लास्टिकचा असतो, त्याचा चुरा होऊन सूक्ष्म कण पाण्यात जातात, आणि याच कारणाने ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली. तारेची जाळी चुरगाळून भांड्यात बसवली किंवा जपानी पुष्परचनेतील केन्झान हा खिळ्यांचा जड पाट तळाशी ठेवला, तर देठ तितकेच स्थिर राहतात आणि ही साधने वर्षानुवर्षे टिकतात.

फुलांच्या शेजारी फळांची टोपली ठेवणे निरुपद्रवी वाटते, पण पिकणाऱ्या सफरचंद आणि केळ्यांतून एथिलीन वायू निघतो आणि पाकळ्या अकाली गळतात. कडक ऊन आणि पंख्याचा झोतही टाळावा. घरात मांजर असेल तर लिली आणूच नये. अंगावर पडलेले परागकण चाटून पोटात गेले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

टेबलावरची सर्वांत मोठी चूक उंचीची असते. उभ्याने रचना केली की ती सुंदर दिसते आणि बसल्यावर समोरच्या माणसाचा चेहराच झाकते. कोपर टेबलावर टेकवून मूठ उभी धरावी. फुले त्या मुठीच्या वर जाऊ नयेत, म्हणजे साधारण तीस सेंटिमीटरच्या आत राहावीत. तीव्र गंधाचे हायसिंथ जेवणाच्या जागी न ठेवता दाराजवळ ठेवावेत, आणि मेणबत्तीच्या ज्योतीजवळ वाळलेले शेवाळ किंवा झुकणारी फांदी येऊ देऊ नये. पाहुणे येण्याआधी प्रत्येक खुर्चीवर एकदा स्वतः बसून पाहावे, आणि जिथून समोरचे डोळे दिसत नाहीत तिथला देठ काढून आखूड करावा.